दुखणे थांबले, हाड मात्र भरायचे होते: ऐरोलीतील एका खो-खोपटू मुलीच्या गुडघ्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ऐरोलीत राहणाऱ्या १२ वर्षांच्या एका मुलीचे आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून घरचे काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय घटनाक्रमाला हात लावलेला नाही. मी या प्रकरणात रेडिओलॉजिस्ट म्हणून सहभागी होतो, आणि उपचारांचे निर्णय वाशीतील एक बालअस्थिरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मुलीचे आईवडील यांच्याबरोबर बसून घेतले गेले.

मुलगी सातवीत होती आणि शाळेच्या खो-खो संघातून खेळत होती. चौकोनात दबून बसायचे, खो मिळताच उसळी घेऊन धावायचे आणि खांबाशी अंग झोकून वळायचे, असा हा खेळ गुडघ्याच्या वाकण्यावरच उभा आहे. पावसाळ्यात सरावानंतर तिचा उजवा गुडघा दुखू लागला. मार लागल्याचे कोणालाच आठवत नव्हते. जवळच्या दवाखान्यात समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढले गेले, त्यांत काही आढळले नाही, आणि वाढत्या वयातले दुखणे म्हणून ड जीवनसत्त्वाची पुडी व विश्रांती सांगण्यात आली. विश्रांतीने दुखणे कमी होई आणि सराव सुरू झाला की परत येई. दिवाळीनंतर गुडघ्याला सूज दिसू लागली, जिना उतरताना ती लंगडू लागली, तेव्हा कुटुंब वाशीला आले.

अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघा वाकवून घेतला जाणारा, म्हणजे टनेल व्ह्यू म्हणतात तो एक्स-रे मागवला आणि त्यात दोष स्पष्ट दिसला. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला जे दोन गोलाकार भाग असतात त्यांपैकी आतल्या बाजूच्या भागावर, मधल्या खाचेकडे तोंड असलेल्या पृष्ठभागाशी, हाडाचा एक चकतीसारखा तुकडा भोवतालच्या हाडापासून वेगळा भासत होता. हा ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसिकन्स या विकाराचा नमुनेदार ठिकाणा आहे. पाय सरळ ठेवून काढलेल्या एक्स-रेमध्ये या भागावर किरण स्पर्शून जात नाहीत, म्हणून तो निसटू शकतो. दहा ते पंधरा या वयोगटातल्या खेळणाऱ्या मुलाचा गुडघा कारणाशिवाय महिनोन्महिने दुखत असेल, तर हा तिसरा एक्स-रे मागवणे ही फार स्वस्त खबरदारी आहे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हा विकार पुष्कळदा दोन्ही गुडघ्यांत सापडतो, म्हणून डाव्या गुडघ्याचाही एक्स-रे काढला. तो निर्दोष होता.

नेमकी अडचण

या विकारात कूर्चेखालच्या, म्हणजे हाडाच्या टोकावरील गुळगुळीत आवरणाखालच्या, हाडाच्या एका मर्यादित भागाचा रक्तपुरवठा आणि पोषण बिघडते. वाढत्या मुलांमध्ये हाडाचे टोक पूर्ण हाड झालेले नसते. त्यात हाडात रूपांतर होत असलेली कूर्चा असते आणि तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या असतात. डुकरे आणि घोडे यांच्यातील अशाच विकाराच्या अभ्यासातून असे दिसून आले की या वाहिन्या बंद पडल्या तर तेवढ्या कूर्चेचे हाड होणे थांबते आणि आजूबाजूचे हाड पुढे सरकत राहिल्यामुळे मध्ये एक न भरलेले बेट उरते. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी मुलांच्या गुडघ्यांच्या एमआरआयवरून हाच क्रम माणसातही दिसतो असे मांडले आहे. बेट भरून निघाले तर मूल बरे होते. ते सुटे झाले तर वरची कूर्चा फाटते, तुकडा सांध्यात फिरू लागतो आणि ऐन तारुण्यात सांधा झिजायला लागतो.

त्यामुळे दोनच प्रश्नांवर सगळे अवलंबून होते: तुकडा पक्का आहे की डळमळीत, आणि पक्का असेल तर तो आपणहून भरून येईल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यातल्या त्यात सोपे होते. गुडघा अडकत नव्हता, तपासताना काही सरकत असल्याचे जाणवत नव्हते. दुसऱ्याचे उत्तर अवघड होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात अशा ४७ पक्क्या गुडघ्यांपैकी सुमारे ६६ टक्के गुडघे सहा महिन्यांच्या विनाशस्त्रक्रिया उपचाराने भरण्याच्या मार्गाला लागले होते. बाधित भाग मोठा असेल, आणि सूज किंवा अडकणे अशी लक्षणे असतील, तर शक्यता कमी होत होती. आमच्या मुलीचा भाग मध्यम आकाराचा होता आणि सूज होती. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीने २०१० मध्ये या विकारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेक शिफारशींना पुरेसा पुरावा नसल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले. म्हणजे पुस्तक उघडून उत्तर मिळेल अशी परिस्थिती नव्हती.

वेळेचाही दाब होता. वाढीच्या रेषा, म्हणजे हाडाच्या टोकाजवळचे ज्यांतून हाड लांब होते ते पट्टे, उघड्या असेपर्यंत या दोषाची भरून येण्याची क्षमता चांगली असते. मुलींच्या गुडघ्याभोवतीच्या रेषा साधारण चौदाव्या वर्षाच्या सुमारास बंद होऊ लागतात, मुलांच्या त्याहून उशिरा. बाराव्या वर्षाच्या मुलीच्या बाबतीत हातात फार तर दोनेक वर्षे होती, आणि त्यातले किती महिने वाट पाहण्यात घालवायचे हे ठरवायचे होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय होता धावणे-उड्या बंद ठेवून, गुडघ्याला ब्रेस लावून वाट पाहण्याचा. दुसरा, पाय काही आठवडे प्लास्टरमध्ये ठेवण्याचा. पण त्यात मांडीचे स्नायू झपाट्याने खंगतात, सांधा आखडतो, म्हणून तो आम्ही बाजूला ठेवला. तिसरा पर्याय लगेच ड्रिलिंग करण्याचा होता. यात भूल देऊन बारीक तारेने बाधित भागात छिद्रे पाडतात, म्हणजे आजूबाजूच्या सशक्त हाडातून रक्तवाहिन्या आत शिरू शकतात. ही शस्त्रक्रिया मोठी नाही, तिचे परिणाम चांगले असतात, आणि वाट पाहून उपयोग झाला नाही तर तीच करायची असते. पण ज्या गुडघ्याला ती लागणार नव्हती त्यावर ती केली गेली, असे व्हायला नको होते.

तपासणीचेही पर्याय होते. सीटी स्कॅन हाडाचा भराव उत्तम दाखवतो, पण वाढत्या मुलीला वारंवार किरणोत्सर्ग देणे पटणारे नव्हते. दुर्बिणीतून सांध्यात पाहिले तर कूर्चा हाताळून तपासता येते, परंतु कूर्चा वरून अखंड असेल तर तिच्याखाली हाड भरत आहे की नाही हे दुर्बिणीला दिसत नाही. शिरेतून गॅडोलिनियम हे एमआरआयचे औषध देऊन कूर्चेतील प्रोटिओग्लायकॅन, म्हणजे तिच्यात पाणी धरून ठेवणारे रेणू, मोजण्याची पद्धत संशोधनात रुळलेली आहे. तथापि, दर काही महिन्यांनी तपासणी करायची असलेल्या मुलीला दरवेळी औषध टोचणे आम्हाला योग्य वाटले नाही. उरला तो औषध न देता केलेला, मोजमाप देणारा एमआरआय.

मोजायचे काय आणि कसे

नेहमीचा एमआरआय चित्र देतो आणि तज्ज्ञ त्यात उजळ, गडद, वाढले, घटले असे वाचतो. परिमाणात्मक एमआरआयमध्ये त्याच भागाचे सिग्नल ठरावीक अंतराने अनेकदा घेतले जातात, ते किती वेगाने विझतात हे गणिताने काढले जाते, आणि प्रत्येक बिंदूला मिलिसेकंदांतला एक आकडा मिळतो. सांध्याच्या कूर्चेसाठी आम्ही टी२ नकाशा निवडला; टी२ म्हणजे सिग्नल विझायला लागणारा हा वेळ. कूर्चेतले पाणी वाढले किंवा कोलॅजेनच्या तंतूंची वीण ढिली झाली की टी२ वाढतो, आणि हे बदल पृष्ठभागावर चीर दिसण्याच्या आधीही आकड्यात उतरू शकतात. हाडाच्या बेटासाठी टी२ स्टार, म्हणजे त्याच वेळेच्या दुसऱ्या पद्धतीने केलेल्या मोजणीचा, नकाशा घेतला. मऊ, न भरलेल्या ऊतीत त्याचे मूल्य जास्त असते आणि तिथे हाडाची जाळी तयार होत गेली की ते खाली येते. तिसरे मोजमाप साधे होते: प्रत्येक छेदावर बाधित भागाची कड आखून त्याचे घनफळ काढणे.

या आकड्यांना फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत आणि त्या सांभाळल्या नाहीत तर रंगीत नकाशा छान दिसतो, पण त्यावर निर्णय घेता येत नाही. कूर्चेतले तंतू यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करत असतील तर टी२ खोटाच वाढलेला दिसतो. हाडाचे टोक गोल असल्यामुळे हा कोन जागोजागी बदलतो. म्हणून बाधित भागावरच्या कूर्चेची तुलना शेजारच्या कूर्चेशी न करता दुसऱ्या गुडघ्यातील त्याच वळणावरच्या कूर्चेशी करायची असे ठरवले. हाडाच्या आत मज्जेतील चरबी असते आणि तिचा सिग्नल पाण्याच्या सिग्नलशी लपंडाव खेळतो; ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचे माप) यंत्रावर दोन्ही सिग्नल सुमारे २.३ मिलिसेकंदांनी पुन्हा एका ठेक्यात येतात, तेव्हा टी२ स्टारची वाचने त्या ठेक्यावरच घेतली. प्रौढांचे प्रमाण आकडे तर वापरायचेच नव्हते, कारण मुलांच्या कूर्चेचा खालचा थर अजून वाढीचा असतो आणि वयानुसार मूल्ये बदलत जातात.

आणखी एक बाब अगदी साधी, पण बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहते. धावल्यानंतर कूर्चा दाबली जाते, तिच्यातले पाणी सरकते आणि टी२ तात्पुरता घटतो. मुलगी ऐरोलीहून लोकलने वाशीला येणार, स्थानकाचे जिने चढणार-उतरणार आणि धापा टाकत तपासणीला आडवी होणार, हे उघड होते. म्हणून प्रत्येक वेळी तिला आल्यावर अर्धा तास पाय लांब करून खुर्चीवर बसवले. त्या अर्ध्या तासात तंत्रज्ञ तिच्या पायातला काळा दोरा आणि गळ्यातला तांब्याचा ताईत काढून एका डबीत ठेवत असे, यंत्राचा आवाज मोबाइलवर ऐकवत असे, आणि आत गेल्यावर पाय का हलवायचा नाही हे तिला समजावत असे. टाच दोन वाळूच्या पिशव्यांमध्ये धरून, गुडघ्याभोवती फोम भरून, पायाचा कोन दरवेळी तोच ठेवला. मुलगी सुमारे चाळीस मिनिटे न झोपवता, कोणतेही औषध न देता शांत पडून राहिली.

पहिल्या तपासणीत बाधित भाग १९ मिलिमीटर लांब, १३ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ६ मिलिमीटर खोल होता. घनफळ ०.८ घन सेंटिमीटरच्या आसपास आले. वरची कूर्चा अखंड होती. बेटातला टी२ स्टार शेजारच्या निरोगी हाडाच्या जवळजवळ दुप्पट होता.

आकड्यांचा अर्थ आधीच ठरवणे

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय माझ्या मते दुसऱ्या तपासणीच्या आधी घेतला गेला. आकडा हातात आल्यावर त्याचा अर्थ लावायला बसले की प्रत्येकाला आपल्या मनातलेच त्यात दिसते: शल्यचिकित्सकाला शस्त्रक्रिया, प्रशिक्षकाला मैदान आणि आईला विश्रांती. म्हणून आम्ही एक कागद केला. मी आणि एका सहकाऱ्याने पहिल्याच नकाशावर एकमेकांची मोजणी न पाहता कडा आखल्या आणि आमच्या घनफळांत सुमारे दहा टक्के फरक पडला. यंत्रावरची मोजणी पुन्हा केल्यावर पडणारा फरक त्यात मिळवायला हवा होता. तेव्हा त्या कागदावर लिहिले की घनफळातला वीस टक्क्यांपेक्षा कमी बदल हा बदल मानायचा नाही. सहा महिन्यांनी घनफळ आणि टी२ स्टार दोन्ही घटले असतील तर वाट पाहणे चालू ठेवायचे. दोन्ही जागच्या जागी असतील तर ड्रिलिंग करायचे. कूर्चेत चीर दिसली, गुडघा अडकू लागला किंवा सूज वाढली, तर आकड्यांची वाट न पाहता दुर्बिणीने तपासायचे. कागदाची एक प्रत आईवडिलांना दिली आणि मराठीत दिली, कारण पुढे ज्या क्षणी कठीण प्रश्न येणार होते त्या क्षणी तो कागद त्यांच्या हातात असायला हवा होता.

पहिले तीन महिने

उपचार म्हणजे मुख्यतः घरातल्या सवयी बदलणे होते, आणि ते कोणत्याही नकाशाहून अवघड निघाले. कुटुंब सिडकोच्या उद्वाहन नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत होते. जेवताना जमिनीवर मांडी घालून बसायची पद्धत, अभ्यासही जमिनीवरच, आणि शौचालय भारतीय पद्धतीचे. ब्रेस लावून, खेळ बंद ठेवूनही ही मुलगी दिवसातून कितीतरी वेळा गुडघा पूर्ण दुमडत होती, आणि बाधित भागावर नेमक्या त्याच स्थितीत भार येतो. हे फिजिओथेरपिस्टच्या लक्षात दुसऱ्या भेटीत आले, तेही बोलता बोलता. मग शौचालयात बसवायची प्लास्टिकची कमोड खुर्ची आणली, जेवायला टेबल नव्हते म्हणून स्टूल आणि पाट यांची सोय केली. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी एका पत्रावर तिचा वर्ग तळमजल्यावर आणून दिला. घरचा जिना मात्र टाळता येण्यासारखा नव्हता. शाळेतून आल्यावर पुन्हा खाली उतरायचे नाही, एवढेच बंधन घातले.

तीन महिन्यांनी दुखणे पूर्ण थांबले होते, सूज ओसरली होती. याच सुमारास चौदा वर्षांखालच्या संघाच्या निवड चाचण्या होत्या. वडील सरळ म्हणाले, "डॉक्टर, आता पोरगी दुखतंय म्हणत नाही, जिना धावत चढते. मग अजून कशाला अडवायचं?" हा प्रश्न अत्यंत रास्त होता. पहिला निर्णायक क्षण तोच.

तपासणीची वेळ जवळच आली होती. केंद्रातले यंत्र त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी बंद होते आणि कुटुंबाला ठाण्यात कमी खर्चात दुसरीकडे तपासणी करून मिळत होती. तिथले यंत्र १.५ टेस्लाचे आणि दुसऱ्या कंपनीचे होते. वेगळ्या यंत्रावरचे आकडे आधीच्या आकड्यांशी जुळवता येत नाहीत. त्यांतला फरक गुडघ्याचा आहे की यंत्राचा हे सांगता येत नाही. म्हणून आम्ही थांबायला सांगितले आणि यंत्र सुरू झाल्यावर त्याच पद्धतीने तपासणी केली. घनफळ ०.७५ घन सेंटिमीटर आले, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेत बदल नव्हताच. टी२ स्टार किंचित उतरला होता. वेदना गेली होती ती भार कमी झाल्यामुळे. हाड जवळपास होते तिथेच होते.

वडिलांना आम्ही दोन्ही नकाशे शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि विचारले की हा लाल भाग म्हणजे अजून कच्चा भाग ना. तेवढ्यावर चर्चा संपली. निवड चाचणीचे वर्ष गेले, याचे दुःख मुलीला होते आणि ते कमी लेखण्यासारखे नव्हते. प्रशिक्षकांनी तिला गुणलेखनाचे काम देऊन संघाबरोबर ठेवले, हे फार बरे केले.

सहाव्या महिन्यातील पेच

सहाव्या महिन्यात परिस्थिती उलटी झाली. नेहमीच्या चित्रांत बेटाच्या मागे एक उजळ रेषा आधीपेक्षा ठळक दिसू लागली. प्रौढांमध्ये अशी रेषा म्हणजे तुकड्यामागे सांध्यातला द्रव शिरला, तुकडा डळमळीत झाला, असे मानतात. कुटुंबाने ठाण्यात एक दुसरे मत घेतले आणि तिथे या रेषेवरून तुकडा स्क्रूने बसवण्याचा सल्ला मिळाला. हा सल्ला निराधार नव्हता. उजळ रेषा हे ओळखीचे चिन्ह आहे आणि चित्र पाहून कोणीही थबकले असते.

पण मुलांमध्ये या चिन्हाचा अर्थ वेगळा लागू शकतो. किजोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की प्रौढांचे निकष जसेच्या तसे लावले तर मुलांमधले अनेक पक्के तुकडेही डळमळीत ठरतात. रेषा सांध्यातल्या द्रवाइतकीच उजळ असेल, किंवा तिच्या बाहेरून गडद किनार असेल, किंवा कूर्चेखालचा हाडाचा पातळ थर अनेक ठिकाणी तुटलेला असेल, तरच मुलांमध्ये तिला तसे वजन द्यायचे. भरत असलेल्या दोषाच्या कडेलाही रक्तवाहिन्यांनी भरलेली नवी ऊती असते आणि तीही उजळ दिसते. "द्रवाइतकी उजळ" हे डोळ्यांनी ठरवणे मात्र कठीण असते. चित्राचा उजेड-अंधार बदलला की उत्तर बदलते.

इथे मोजमाप खरोखर कामाला आले. रेषेचा टी२ सुमारे ७० मिलिसेकंद होता. सांध्यातल्या द्रवाचा टी२ आमच्या पद्धतीने अचूक मोजता येत नाही, कारण आमची शेवटची नोंद ८० मिलिसेकंदांवर संपते आणि द्रवाचा सिग्नल तोवर जेमतेम विझू लागलेला असतो. पण तो याच्या कितीतरी वर आहे एवढे निःसंशय सांगता येत होते. बाहेरची गडद किनार नव्हती, हाडाचा तो थर अखंड होता. घनफळ ०.५ घन सेंटिमीटरवर आले होते आणि बेटातला टी२ स्टार निरोगी हाडाच्या दिशेने स्पष्टपणे उतरला होता. म्हणजे नव्या रक्तवाहिन्यांची कड आणि तिच्या आत भरत चाललेले हाड, असे चित्र जुळत होते.

तरीही मी एकट्याच्या वाचनावर निर्णय ठेवला नाही. अस्थिरोगतज्ज्ञांनी मुलीला पुन्हा तपासले. गुडघा पूर्ण वळत होता, सूज नव्हती, अडकणे नव्हते. ज्यांनी दुसरे मत दिले होते त्यांना कुटुंबाच्या संमतीने सगळी मोजमापे पाठवली आणि फोनवर सविस्तर चर्चा केली. त्यांनी आणखी तीन-चार महिने थांबायला हरकत नाही असे सांगितले, मात्र त्यानंतर भराव दिसला नाही तर वाढीच्या रेषा बंद होण्याआधी ड्रिलिंग व्हावे, असे सुचवले. आईवडिलांनी घरी ठेवलेला तो जुना कागद काढून आणला होता. दोन्ही आकडे घटले तर वाट पाहायची, या त्यावरच्या ओळीशी परिस्थिती जुळत होती. वाट पाहण्याचा निर्णय झाला.

परिणाम

दहाव्या महिन्याच्या तपासणीत घनफळ ०.२ घन सेंटिमीटर उरले होते, बेटाच्या बहुतांश भागात टी२ स्टार भोवतालच्या हाडासारखा झाला होता, आणि ती उजळ रेषा विरली होती. टनेल व्ह्यू एक्स-रेमध्येही तुकड्याची कड पुसट झाली होती. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. मांडीच्या स्नायूंची ताकद डाव्या पायाच्या बरोबरीची झाल्यावर चालणे, मग सरळ रेषेत हलके धावणे, मग वळून धावणे, आणि शेवटी चौकोनात दबून बसणे, अशा क्रमाने तिला खेळात परत आणले. प्रत्येक पायरीला गुडघा सुजतो का, एवढेच पाहिले. त्यासाठी वेगळा एमआरआय केला नाही.

एक गोष्ट मात्र मिटलेली नाही. बाधित भागावरच्या कूर्चेचा टी२ ४७ मिलिसेकंद आणि डाव्या गुडघ्यातील त्याच जागेचा ४३ मिलिसेकंद होता, आणि पुढच्या तपासण्यांत हा फरक तसाच राहिला. मोजणीतल्या चुकीपेक्षा तो थोडाच मोठा आहे. कूर्चेला कायमची किरकोळ इजा झाली आहे, की खालचे हाड नव्याने घडताना असे दिसते, हे आजच्या मोजमापावरून ठरत नाही. कुटुंबाला आम्ही हे याच शब्दांत सांगितले आहे.

पुढच्या वेळी काय वेगळे करावे

तीन महिन्यांची तपासणी अशा पक्क्या दोषात सहसा गाळता येईल असे माझे मत झाले आहे. इतक्या थोड्या काळात हाडात होणारा बदल आमच्या मोजणीच्या मर्यादेहून लहान असतो. या प्रकरणात तिने वडिलांची खात्री पटवली हे खरे, पण तेच काम टनेल व्ह्यूचा एक्स-रे आणि नीट वेळ देऊन केलेले बोलणे यांनीही झाले असते. ज्या कुटुंबाला तपासणीसाठी रजा टाकून यावे लागते आणि खर्च खिशातून करावा लागतो, त्याच्यासाठी एक तपासणी कमी होणे मोठी गोष्ट आहे. पहिली, सहाव्या महिन्याची आणि गरज भासली तर दहाव्या महिन्याची, एवढ्या पुरेत. लक्षणे बदलली तर अर्थातच आधी.

दुसऱ्या गुडघ्याचा टी२ नकाशा पहिल्याच दिवशी घ्यावा. इथे पहिल्या दिवशी डाव्या गुडघ्याचा फक्त एक्स-रे होता आणि त्याचा नकाशा तिसऱ्या महिन्यात काढला. वाढत्या वयात निरोगी कूर्चेचे आकडेही हळूहळू बदलतात, त्यामुळे सुरुवातीपासून दोन्ही गुडघे शेजारी असते तर ४७ आणि ४३ यांच्या अर्थाबद्दल आज अधिक ठामपणे बोलता आले असते. त्यासाठी यंत्रात दहा-बारा मिनिटे जास्त लागतात.

घरात कसे बसता, शौचालय कसे आहे, जिने किती आहेत, शाळेचा वर्ग कोणत्या मजल्यावर आहे, हे प्रश्न पहिल्याच भेटीच्या नोंदपत्रकात छापलेले असावेत. परदेशी अभ्यासांतल्या विश्रांतीच्या व्याख्येत उकिडवे बसणे येत नाही, आणि आपल्याकडे घरोघरी ते आहे. फिजिओथेरपिस्टने आता हे पत्रक तयार केले आहे आणि ते मराठी व हिंदीत वापरले जाते.

मुलीशी स्वतंत्रपणे बोलण्यासाठी सुरुवातीपासून वेळ राखून ठेवावा. हाडाचा तुकडा सुटेल हे वाक्य तिने मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकले होते आणि पहिले काही आठवडे ती पाय टेकवायलाही घाबरत होती, हे आईकडून बऱ्याच उशिरा कळले. तिसऱ्या महिन्यात नकाशे वडिलांना दाखवले, तेच आधी तिला दाखवता आले असते. बारा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या गुडघ्यात कुठे हाड भरले आहे आणि कुठे भरायचे आहे हे चांगले समजते.

आता तिच्या वाढीच्या रेषा बंद झाल्यावर दोन्ही गुडघ्यांचा एकदा त्याच यंत्रावर, त्याच अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतर टी२ नकाशा घ्यायचा आहे. कूर्चेतला फरक तेव्हाही कायम असला आणि गुडघा दुखत नसला, तर खेळ थांबवायचा नाही आणि वर्षातून एकदा अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासायचे, असे कागदावर आत्ताच लिहून ठेवले आहे.